ऊर्फ प्रतिबिंब

महसूल खात्यात तेहतीस वर्षे दौत-टाक झिजवून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या गृहस्थाने उतारवयात नाटकमंडळीत शिरावे, ही गोष्ट आमच्या घरात अद्याप कोणालाच मानवलेली नाही. आणि तिचा खुलासा करण्याचा जो जो प्रयत्न मी केला, तो तो माझ्याविरुद्धच पुरावा म्हणून दाखल झाला आहे. घडले ते एवढेच, की आमच्या आळीतील एक तरुण शिक्षक, जो दिवसा सावेडीकडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि सायंकाळी सातनंतर दिग्दर्शक होतो, एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, आमच्या संस्थेला प्रॉपर्टी सांभाळायला एक खात्रीचा माणूस हवाय." प्रॉपर्टी हा शब्द कानी पडताच माझ्या अंगी असलेला जुना कारकून खडबडून जागा झाला. मी चष्मा लावला, कोरा कागद पुढे ओढला आणि मिळकत कोणत्या गटात आहे, तिच्यावर कोणाचा बोजा आहे काय, इतर हक्कांत कोणाकोणाची नावे आहेत, असे प्रश्न ओळीने विचारले. तो काही न बोलता मला शाळेमागच्या खोलीत घेऊन गेला आणि एका पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवून उभा राहिला. पेटीत एक पितळी किटली, दोन काठ्या, वायर नसलेला टेलिफोन आणि कागदी गुलाबाचे एक फूल होते. पेटीमागे भिंतीला टेकवून ठेवलेली, पुरुषभर उंचीची, आत काहीही नसलेली एक लाकडी चौकट होती. नाटकवाल्यांच्या परिभाषेत प्रॉपर्टी ती हीच. तीस-तीस वर्षे भाऊबंदकीत अडकलेल्या मिळकती ज्याने पाहिल्या, त्याला ही इतकी निर्वेध मिळकत पाहून गहिवरून यावे यात नवल ते काय? मी तेथल्या तेथे ताबापावती लिहून दिली.

पुढे, पंचनामे आणि जाहीरनामे मोठ्याने वाचून दाखवण्याचा माझा जन्माचा सराव ध्यानात आल्यावर माझ्याकडे प्रॉम्प्टरचे काम आले, आणि जमाखर्च लिहिणारा दुसरा कोणी नाही असे आढळून आल्यावर खजिनदारीही आली. संस्थेत माणसे सात. आमचा नगर जिल्हा हा सहकाराचा जिल्हा. प्रवरेकाठी लोणीला १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांनी एकत्र येऊन साखर कारखाना उभा केला आणि त्याचा कित्ता साऱ्या देशाने गिरवला. परंतु जी माणसे साखरेसाठी हजारांनी एकत्र येतात, तीच तालमीसाठी सातजण सात वाजता एकत्र येत नाहीत, हे मी माझ्या हजेरीपत्रकाच्या आधाराने सिद्ध करू शकतो.

आमच्या संस्थेचे वैशिष्ट्य असे, की इतर हौशी मंडळ्या फार्स करतात, सामाजिक नाटके करतात, कोणी ऐतिहासिकाच्या नादी लागून भाड्याच्या तलवारींपायी कर्जबाजारी होतात. आम्ही मात्र कला आणि अस्मिता या दोनच विषयांवर एकांकिका करतो. तीन वर्षांत तीन केल्या. पहिलीत एक शिल्पकार दगडाला विचारतो, की तुझ्या आत कोण आहे, दुसरीत तमाशातल्या सोंगाड्याला रंग पुसल्यावर आपला चेहरा ओळखू येत नाही, तिसरीत एक चित्रकार आरशापुढे उभा राहून, म्हणजे वर वर्णिलेल्या रिकाम्या चौकटीपुढे उभा राहून, "मी कोण?" असे विचारतो, आणि चौकटीपलीकडे उभे असलेले त्याचे प्रतिबिंब त्याला उलट तोच प्रश्न विचारते. चाळीस मिनिटांच्या संहितेत हा प्रश्न तेवीस वेळा येतो. मी समासात खुणा करून मोजले आहे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता मंजुरीला पाठवताना मला एक बारीक धास्ती होती, की तेथील कोणी जबाबदार अधिकारी समासात "अर्जदाराने प्रथम आपली ओळख पटवावी" असा शेरा मारून प्रकरण परत करील. पण प्रमाणपत्र बिनबोभाट आले.

दिग्दर्शक म्हणतो, "काका, हा आधुनिक माणसाचा पेच आहे." मला त्याच्या विद्वत्तेबद्दल आदर आहे, तथापि हा पेच महसूल खात्याने फार पूर्वी आणि फार स्वस्तात सोडवलेला आहे, हे त्याच्या गळी उतरवणे मला साधले नाही. माणूस जन्मतो तेव्हा त्याचे नाव दगडू असते. शाळेत मास्तर ते दत्तात्रय करतात. गावात त्याला नाना म्हणतात, खरेदीखतावर तो दत्तू म्हणून अंगठा उठवतो, आणि मरतो तेव्हा या चौघांचे वारस चावडीवर येऊन उभे राहतात. अशा वेळी तलाठी तत्त्वचिंतन करीत बसत नाही. तो 'दगडू ऊर्फ दत्तात्रय ऊर्फ नाना' अशी फेरफाराची नोंद धरतो, नोटीस काढतो, आणि १५ दिवसांत कोणाची हरकत न आल्यास मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर तो माणूस कोण, याविषयी कोणालाही, फार काय खुद्द त्या माणसालाही, शंका घेण्याचा अधिकार उरत नाही. आमच्या चित्रकारानेही अशी एक नोटीस चावडीवर डकवावी आणि पंधरवडाभर स्वस्थ बसावे, अशी सूचना मी तालमीत मांडली. सातांपैकी चौघे हसले. दिग्दर्शक हसला नाही.

वस्तुतः ऊर्फ या अडीच अक्षरांवर या नगराचा पूर्वापार पिंड पोसलेला आहे. गावाच्या पूर्वेला डोंगरावर दूरवरून दिसणारी जी तीन मजली अष्टकोनी इमारत आहे, तिला लहानथोर सारे चांदबिबीचा महाल म्हणतात, सहलीची पोरे तेथे चांदबिबीच्या नावाने डबे सोडतात. वास्तविक ती आहे निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर. हा बिचारा वजीर आत निजलेला असताना त्याच्या छताखाली दुसऱ्याच व्यक्तीची भूमिका शतकानुशतके चालू आहे, आणि एवढ्या प्रदीर्घ प्रयोगात त्याने एकदाही "मी कोण?" असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

त्याहून नवलाची गोष्ट १९१८ च्या एप्रिलची. त्या महिन्याच्या १६ तारखेला येथे लष्करी नोकरीतल्या एका आयरिश गृहस्थाच्या घरी मुलगा झाला, आणि अवघ्या नऊ दिवसांनी, २५ तारखेला, याच गावात एका मराठी ख्रिस्ती घरी दुसरा मुलगा झाला. पहिला पुढे स्पाईक मिलिगन या नावाने साऱ्या विलायतेला हसवता झाला. 'द गून शो' हा त्याचा रेडिओवरचा कार्यक्रम इंग्रज लोक अजून डोक्यावर घेऊन नाचतात. पण त्याच्या अस्मितेचा पेच पाहा. जन्म नगरचा, बालपण पुण्या-रंगूनचे, फौजेत चाकरी इंग्रजांची. आणि पुढे विलायतेतल्या कायद्याच्या फेऱ्यात असा काही सापडला, की आपण ब्रिटिश असल्याचा दाखला मिळवणे त्याला दुरापास्त झाले. अखेर १९६२ साली तो बापाच्या नात्याने आयरिश नागरिक झाला. २००२ साली तो वारला, आणि पुढे मी आजारी आहे असे तुम्हाला सांगितले होते ना, अशा आशयाचे वाक्य त्याच्या थडग्यावर कोरले गेले, आणि तेही इंग्रजीत नव्हे, आयरिश भाषेत. असा माणूस आमच्या कचेरीत आला असता तर मी त्याला एका ऊर्फमध्ये मोकळा केला असता, असे मला राहून राहून वाटते.

दुसरा मुलगा म्हणजे शाहू मोडक. हा ख्रिस्ती घरातला नगरकर पडद्यावर श्रीकृष्ण झाला, आणि एकदा नव्हे, तर जवळजवळ ३० चित्रपटांत झाला. १९३३ साली 'आवारा शहजादा'त त्याने एकट्याने दोन भूमिका केल्या, आणि आपल्याकडच्या बोलपटांतली ती पहिली दुहेरी भूमिका समजली जाते. म्हणजे चौकटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही मोडक स्वतःच होते, त्यांना आमच्यासारखी माणसांची जुळवाजुळव करावी लागली नाही. १९४० साली प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सांगितली गेली ती याच जिल्ह्यात, नेवाशाला. तेव्हा ज्या जिल्ह्यात ज्ञानेश्वरांनी ग्रंथ सांगितला, त्याच जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती माणसाने साऱ्या महाराष्ट्राला ज्ञानेश्वरांचा चेहरा दिला, आणि महाराष्ट्राने तो बिनतक्रार देव्हाऱ्यात ठेवला. हरकतीची मुदत केव्हाच संपून गेली.

ही हकिकत मी दिग्दर्शकाला माळीवाड्यातल्या एका टपरीवर दोन कटिंग संपेपर्यंत सांगितली. तो म्हणाला, "काका, हे छान आहे, पण यात संघर्ष कुठाय?" मी म्हटले, तेच तर सांगतोय. शिवाय आमचे सदाशिव अमरापूरकर घ्या, घरचे नाव गणेश, माणसांत तात्या, 'अर्धसत्य'मध्ये रामा शेट्टी आणि 'सडक'मध्ये साडी नेसून महाराणी. एवढी नावे अंगाखांद्यावर खेळवून तात्या नगरला येत तेव्हा पुन्हा तात्याच असत. किंवा प्राध्यापक मधुकर तोरडमल. येथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या या गृहस्थांनी 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मध्ये असे एक प्राध्यापक बारटक्के रंगवले, की ज्यांना ऐनवेळी शब्द आठवला नाही म्हणजे ते त्या जागी 'ह' घालून पुढे जात. प्रॉम्प्टर या नात्याने मी या युक्तीकडे केवळ कृतज्ञतेने पाहतो. आमच्या नटांनी ती उचलावी अशी माझी फार इच्छा आहे, परंतु अस्मितेच्या नाटकात "मी ह?" असे विचारल्यास अर्थहानी होते असे दिग्दर्शकाचे मत पडले. फार होते असे मला वाटत नाही.

या सगळ्या धामधुमीत २०२४ सालचा ऑक्टोबर उजाडला आणि खुद्द गावाचाच फेरफार मंजूर झाला: अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. शासनाच्या राजपत्रात आले ते सत्य, ही माझी तेहतीस वर्षांची निष्ठा. तेव्हा त्याविषयी माझ्या मनात किंतु नव्हता. अडचण इतकीच, की त्याच महिन्यात आम्ही संस्थेचे पाचशे छापील कागद करून घेतले होते. खजिनदार म्हणून मी बाजू मांडली, की शिल्लक साठा संपेपर्यंत वापरात आणणे हा सरकारी दफ्तरातला जुना शिरस्ता आहे. दीड तास चर्चा झाली. शेवटी नवीन नावाचा रबरी शिक्का करावा आणि तो जुन्या कागदांवर सहीशेजारी उठवावा, असा ठराव चार विरुद्ध दोन मतांनी संमत झाला. सातवा सभासद त्या वेळी पुण्याला होता. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पत्राच्या शिरोभागी एक गाव असते, पायथ्याशी दुसरे गाव असते, आणि मध्ये "आमची एकांकिका माणसाच्या अस्मितेचा शोध घेते" असे वाक्य असते. पत्रांची उत्तरे बिनचूक येतात. याचे कारण मला एस. टी. स्टँडवर उलगडले: जुने नाव काय आणि नवे काय, दोहोंच्या शेवटी नगर आहेच, आणि कंडक्टर पूर्वीही "नगर, नगर, नगर" असेच ओरडत होते. गावाचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या अहिल्यादेवी मूळच्या याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातील चौंडीच्या. त्यांनीच संगमनेरच्या अनंत फंदीला ब्राह्मणाने तमाशात नाचावे काय असे सुनावले आणि शाहिराने डफ ठेवून कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. तेव्हा नव्या शिक्क्याखाली वावरताना आम्ही जरा जपून राहावे, असे मी सभेत सुचवून ठेवले. ते इतिवृत्तात आहे.

पुण्याला असलेला तो सातवा सभासद हाच आमच्या नाटकातले प्रतिबिंब. तो एस. टी. त कंडक्टर आहे. उंचीने, अंगलटीने आणि नाकाच्या बाकाने आमच्या चित्रकाराशी त्याचे इतके साम्य, की चौकटीच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले म्हणजे पाहणाऱ्याला क्षणभर खरोखरच आरसा भासावा. मात्र तो तालमीला ड्युटीवरून थेट यावयाचा, त्यामुळे चित्रकार हातात कुंचला घेऊन उभा आणि प्रतिबिंबाच्या खांद्याला तिकिटांची बॅग, असे दृश्य आम्हाला अंगवळणी पडले होते.

प्रयोग जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी, एका एकांकिका स्पर्धेत होता. दिवस पौषातले. साडेसातची वेळ ठरलेली आणि सव्वासातला प्रतिबिंबाचा फोन आला: "काका, उसाची ट्रॉली आडवी झालीय, अजून सुप्यातच आहे." गळिताच्या हंगामात या जिल्ह्यात ही सबब ज्याला मान्य नाही त्याने येथे राहू नये. दोन घंटा झाल्या. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिले. तसे पाहताना मी त्याला पूर्वी कधी पाहिले नव्हते. "काका, संवाद तुम्हाला पाठ आहेत," तो म्हणाला. पाठ होते, सातही जणांचे होते, तोच तर घात झाला. मी म्हटले, अरे, माझे वय अडुसष्ट, त्याचे चोवीस, माझा सदरा पांढरा, त्याचा काळा. तोवर तिसरी घंटा झाली आणि कोणीतरी मला पाठीमागून चौकटीत ढकलले.

उजेड आला तेव्हा माझ्या ध्यानात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली ही, की विंगेत वारा लागतो म्हणून घातलेली कानटोपी माझ्या डोक्यावर तशीच होती. दुसरी अशी, की समोर चित्रकार घाम पुसत पहिले वाक्य आठवीत होता, आणि तीन वर्षांच्या सवयीने, तो अडखळतो आहे असे पाहताच, मी ते वाक्य त्याला खणखणीत आवाजात पुरवले: "मी कोण?" त्याने निमूटपणे ते माझ्यामागून म्हटले. येथून पुढे नाटक हाताबाहेर गेले. आवाज आवरावा असे मी मनाला पुनःपुन्हा बजावीत होतो. पण तो थांबला की माझी जीभ चाले. जगाच्या प्रारंभापासून माणूस हलतो आणि आरशातले रूप मागाहून हलते, असा जो नियम आहे तो त्या रात्री पुरती चाळीस मिनिटे तहकूब होता. आमचे प्रतिबिंब आधी बोलत होते आणि मूळ इसम त्याची नक्कल करीत होता.

सातव्या-आठव्या "मी कोण?"ला मागच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, "आरं सांग की त्याला, बाप इचारतोय!"

सभागृहात हुंकार उठला. हशा नव्हे, हुंकार. जे कोडे त्यांना पहिली दहा मिनिटे छळत होते ते तिने एका वाक्यात सोडवले होते, आणि आता सारे प्रेक्षक ऐसपैस बसले. कानटोपी घातलेला बाप दारात उभा आहे, चित्रे काढीत रिकामा बसलेल्या पोराला मी तुझा कोण असे विचारतो आहे, आणि ते कार्टे उत्तर न देता बापाचीच री ओढते आहे! पुढच्या प्रत्येक प्रश्नाला मागून उत्तरे येऊ लागली. शेवटी संहितेप्रमाणे प्रतिबिंब हात पुढे करते आणि चित्रकार तो हात झिडकारतो. आमच्या चित्रकाराने त्या प्रसंगी माझा हात धरला. त्याने तो का धरला हे तो अजून सांगत नाही. मला वाटते त्याला पुढचे वाक्य हवे होते. परंतु तिसऱ्या रांगेत दोन बाया पदराने डोळे टिपत होत्या, हे मी प्रत्यक्ष पाहिले.

प्रयोगानंतर कानटोपी काढून मी बाहेर चहा पीत उभा होतो. एक शेतकरी गृहस्थ जवळ आले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आमच्या घरी बी हेच हाय. पुण्याला ऱ्हातंय पोरगं. ओळखच दावीत न्हाई." मी त्यांना चहा दिला. आमची संस्था तीन वर्षे ज्या गोष्टीचा शोध घेत आहे ती हीच काय, असे मला त्या वेळी वाटून गेले. पण दिग्दर्शक पलीकडे भिंतीला कपाळ टेकून उभा होता, तेव्हा मी ते त्याला सांगितले नाही. परीक्षकांनी प्रतिबिंबाविषयी बरे-वाईट काहीच लिहिले नाही. वेळेची मर्यादा तीन मिनिटांनी ओलांडली, एवढाच शेरा होता.

आता राहिले प्रमाणपत्र. उत्तेजनार्थ अभिनयाचे एक आमच्या वाट्याला आले, आणि लिहिणाऱ्याने प्रवेशिकेतला कलावंताचा रकाना आणि पात्राचा रकाना यांची अदलाबदल केलेली असल्यामुळे त्यावर सुवाच्य अक्षरांत मजकूर आहे, की "श्री. प्रतिबिंब यांनी" (येथे आमच्या कंडक्टरचे संपूर्ण नाव) "यांची भूमिका उत्कृष्टपणे वठवली." कंडक्टरचे म्हणणे असे, की प्रवेशिकेत आणि कागदावर नाव त्याचे आहे, सबब प्रमाणपत्र त्याचे. माझे म्हणणे असे, की कागद नीट वाचावा: त्या रात्री प्रतिबिंब मी होतो, आणि भूमिका खरोखर कंडक्टरचीच वठवली, दफ्तरात इतका तंतोतंत खरा मजकूर मी तेहतीस वर्षांत पाहिलेला नाही. दुरुस्तीचा अर्ज कसा करावा हे मला तोंडपाठ आहे. मसुदाही मी करून ठेवला होता. परंतु दुरुस्ती करावयाची म्हटली तर ती कोणत्या नावाची, यावर एकमत होईना. अखेरीस मुळेच्या कालव्याचे पाणी पाळीपाळीने घेतात त्याप्रमाणे सहा-सहा महिन्यांचे आवर्तन ठरले आणि तशी उभयतांची सही झाली. सध्या पाळी त्याची आहे. पाडव्याला ते माझ्याकडे यावयाचे आहे, आणि खिळा मी आजच ठोकून ठेवला आहे.